खिशातले हात

प्रसूतिगृहात आत्या ही आत्या नसे. "इथं सिस्टर म्हणायचं. नातं घरी," असं तिने शिकायला आलेल्या भाचीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिकाऊ मुलींनी मात्र तिचं नाव 'खिसेबाई' ठेवलं होतं. एखादी मुलगी कामाला लागली की ही एप्रनच्या खिशात दोन्ही हात खुपसून मागे उभी राहायची. "माझे हात बाहेर आले की तुमचे शिकायचे थांबतात," म्हणायची.

आज पाळी भाचीची होती.

बाळ आलं ते हिरवट पाण्यात माखलेलं. हातपाय सैल, आवाज नाही. भाचीने त्याला पुसून कोरडं केलं, पाठ चोळली. तरी हूं की चूं नाही. नाळ कापून तिने त्याला उबदार टेबलावर घेतलं, मान सरळ केली, नाकातोंडावर मास्क बसवला आणि श्वास द्यायची पिशवी दाबली.

छाती हलली नाही.

"रडत का नाही हो?" खाटेवरून आईने विचारलं.

"उलटं धरा आणि द्या एक चापट," बाळाची आजी म्हणाली. "आमच्या वेळी तेच करायचे."

"मार द्यायला पुढे जन्म पडलाय, आजी. आधी श्वास देऊ." भाचीने मान वळवली नाही. मास्क नीट बसवून, मान किंचित सारखी करून तिने पुन्हा दाबलं. छाती तशीच.

खिशातल्या मुठी आवळल्या. 'घसा बघ' हे शब्द आत्याच्या अगदी ओठांवर आले होते. आता हिला सुचलं नाही तर आपण पुढे व्हायचं, असं तिने ठरवलंही.

भाचीने पिशवी खाली ठेवली आणि हनुवटी धरून बाळाचं तोंड उघडलं. आत दाट, चिकट गोळा अडकला होता. तिने सक्शनची नळी आधी तोंडात घातली, मग नाकात. नाक आधी उपसलं की बाळ दचकून श्वास घेतं आणि तोंडातली घाण आत ओढतं. भल्याभल्यांची इथेच घाई होते. तिची झाली नाही. पुन्हा मास्क, पुन्हा दाब.

छाती वर आली. आणखी काही श्वास दिल्यावर बाळ ठसकलं, रडलं, आणि मग थांबेचना.

"आवाज बापाचा घेतलाय," आजी डोळे पुसत म्हणाली.

धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासलं. "छान. कुणी केलं?"

आत्याने हात बाहेर काढला. खिशाची शिवण पार उसवली होती. तो हात तिने भाचीच्या खांद्यावर ठेवला.

"हिने. माझी भाची आहे."

"नातं घरी ना, सिस्टर?" भाची पुटपुटली.

"गप्प बस. आणि संध्याकाळी हा खिसा शिवून दे."