सहा पानांचं मागणं

कोहकम इसाबेलच्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलं नाही. कोहकम म्हणजे आजी. माझ्या आईची ती मावशी. पत्र चार ओळींचं होतं. "हॉरेस, तुझे कागद मिळाले. सहा पानं आहेत. लोर्नानं वाचून दाखवली. तू मागितलंस काय, ते कळलं नाही."

तेव्हा मी विद्यापीठाचा उपकुलगुरू होतो, त्या खुर्चीवर बसलेला पहिला क्री माणूस. क्री म्हणजे आम्ही, कॅनडातले मूळ रहिवासी. आमच्या भाषेचा विभाग मीच सुरू केला होता. कोहकमनं तिथं शिकवावं म्हणून मी करारनामा पाठवला: जन्मदाखला, शिक्षण, तीन ठिकाणी सही. आमच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी त्यांच्या हातात तंबाखू ठेवतात. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवत असे.

विसरलो नव्हतो, टाळलं होतं. तंबाखू देताना आपल्या भाषेत बोलावं लागतं. मला व्याकरण येतं, बोलायला गेलं की जीभ अडते. आमची भाषा मोडायला काढलेल्या सरकारी वसतिशाळेत सात वर्षं ती मारून मारून गप्प केली, आणि पुढे मी पुस्तकांत लपलो. कोहकमला चार शब्दांत कळलं असतं की भाषेच्या विभागाचा हा कर्ता मुका आहे.

आता निवृत्त आहे. सोमवारी तिच्या नातीचा, लोर्नाचा, फोन आला.

"दादा, आहेस का? की तुझा पुतळा बसवला तिथं?"

"आजी कशी आहे?"

"ब्याण्णव झाली. माझी बॅनकची रोटी अजून कच्ची राहते म्हणते. गोष्टी सांगायला बसते आणि अर्ध्यात थांबते. ऐकणाऱ्यांना समजत नाही म्हणते. त्यात बर्फ वितळायला लागलंय."

त्या गोष्टी जमिनीवर बर्फ असेपर्यंतच सांगायच्या असतात.

"पुढच्या हिवाळ्यात..." मी म्हणालो.

"डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचं नावच काढत नाही."

"तंबाखू पोस्टानं पाठवू?"

"पाठव की. चुलीत घालेल. मग तू आलास की तुलाही."

"मग तसाच निघतो."

"ये. झोपेचं सोंग घेईल. ती म्हणते, आधी माझ्या पत्राचं उत्तर."

तीन दिवस मी या खोलीतून त्या खोलीत फिरलो. पहिल्या मसुद्याला तळटीप होती, फाडला. दुसऱ्यात वसतिशाळेची कैफियत होती, तोही फाडला. वळचणीचं पाणी टपटपत होतं. अंगणातलं बर्फ मी दोनदा पट्टीनं मोजलं. दुपारी ते सकाळपेक्षा बोटभर कमी होतं.

शेवटी शब्दकोश मिटला आणि आमच्या भाषेत लिहिलं: "कोहकम, मी मागितलं नव्हतं. लाज वाटत होती. पुढच्या शनिवारी तंबाखू घेऊन येतो. विद्यापीठासाठी नाही. मला बोलायला शिकव. मी चुकेन, तू हसशील."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी बराच वेळ घुटमळलो. एक शब्द चुकलाय हे लक्षात आलं, तोवर पाकीट हातातून सुटलं होतं.