उताऱ्याबाहेरचं उत्तर

“बाबा, परत ‘मला वाटतं’ लिहिलंत!” सुनेनं वही उलटी फिरवून सासऱ्यांसमोर सरकवली आणि लाल पेनाचं टोपण त्या ओळीवर टेकवलं. “तुम्हाला काय वाटतं ते परीक्षकांना नकोय. उतारा काय म्हणतो, तेवढंच लिहायचं.”

“आणि उतारा खोटं बोलत असला तर?”

“तर दुसऱ्या उताऱ्याचा आधार घेऊन तसं म्हणायचं. स्वतःचा आधार द्यायचा नाही.”

“म्हणजे साक्षीदार दुसरा आणायचा आणि आपण गप बसायचं.”

“अगदी बरोबर. हसू नका, लिहा.”

टँकरमामा चष्मा पुसून पुन्हा वहीवर वाकले. शहराच्या पाणीखात्यात त्यांनी सव्वीस वर्षं टँकर चालवला होता. गल्लीबोळातल्या पोरांनी त्यांना मामा करून टाकलं, आणि पुढे खात्यातले साहेबसुद्धा त्याच नावानं हाका मारू लागले. एक्कावन्नाव्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. उजव्या बाजूनं येणारं दिसेना. डॉक्टरांनी तपासलं आणि गाडी कायमची सुटली. खात्यानं कळवलं की दोन वर्षांच्या आत दहावी झालात तर कचेरीत नोंदणी कारकून म्हणून बसा, नाहीतर जलकेंद्राच्या फाटकावर राखणदार. राखणदारीत कमीपणा नव्हता, पण त्या फाटकातून रोज सकाळी टँकर बाहेर पडणार आणि आपण दांडा वर करून सलाम ठोकायचा, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

बाकीचे विषय निघाले. गणित तर पहिल्याच फटक्यात निघालं. इतिहास मात्र दोनदा उडाला. तेव्हा सुनेनं पदर खोचून हे काम अंगावर घेतलं. ती स्वतः माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायची. शाळेतून आल्यावर तासभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची दुसरी शाळा भरायची. मामांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलाच्या विजेच्या कामाच्या पाळ्या आडवेळच्या, त्यामुळे घरात बहुतेक वेळ सासरा आणि सून दोघंच. मामा तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवायचे. ती त्यांच्या स्पेलिंगवरून आणि ऱ्हस्वदीर्घावरून त्यांना धारेवर धरायची. परकी माणसं वाटावीत असं त्या दोघांत काही उरलं नव्हतं.

एक सोडून.

सून खालच्या वस्तीतली होती. नदीकाठची ती वस्ती दुसऱ्या लोकांची. भाषा तीच, पाणी तेच, पण देव वेगळा, आडनावं वेगळी. एकवीस वर्षांपूर्वी शहरात दंगल झाली होती तेव्हा वरची वस्ती आणि खालची वस्ती यांच्यामध्ये रस्ताभर जळकी दुकानं उभी होती. मुलानं जेव्हा घरी सांगितलं, की मला खालच्या वस्तीतली मुलगी पसंत आहे, तेव्हा भाऊबंद तुटून पडले. मामा एका शब्दानंही आड आले नाहीत. “कर,” एवढंच म्हणाले. पुढे लोकांचा राग ओसरला तसे तेच लोक म्हणू लागले, “मामांचं मन मोठं.” हे कौतुक मामा खाली मान घालून ऐकायचे आणि विषय बदलायचे.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर पर्यवेक्षकबाईंनी त्यांना दारातच अडवलं. “पालकांनी बाहेर थांबा.”

“बाई, पालक मीच आणि विद्यार्थीही मीच.”

वर्गातली पोरं खुदखुदली. मामांनी प्रवेशपत्र दाखवलं आणि गुडघे आवळून तिसऱ्या बाकावर बसले. बाक पोरांच्या मापाचा. पोट टेबलाला टेकत होतं.

पहिले प्रश्न सोपे गेले. सनावळ्या सुनेनं त्यांच्या इतक्या डोक्यात बसवल्या होत्या, की एक आठवली की पुढची आपोआप यायची. मग आठ गुणांचा प्रश्न आला. दोन उतारे आणि एक तक्ता. कुठल्याशा दूरच्या देशात दोन जमातींमध्ये भांडणं पेटलेली, त्यातच महापूर आलेला. उतारा ‘अ’ तिथल्या मदतमंत्र्यांच्या भाषणातला होता : कोणताही भेदभाव न करता पाणी, धान्य व औषधे सर्व वस्त्यांपर्यंत पोहोचवण्यात आली. तक्ता ‘क’मध्ये कुठल्या भागात किती गाड्या गेल्या आणि किती माणसं आजारानं मेली, ते आकडे. उतारा ‘ब’ एका बाईच्या पत्रातला होता. मामांनी तो बोट ठेवून वाचला.

‘गाड्या रोज मोठ्या रस्त्यानं जात. आम्ही छपरावरून हात हलवत असू. चालकाला आम्ही दिसत असू, कारण तो आमच्याकडे बघत असे. मग तो पुढे निघून जाई.’

खाली प्रश्न : यांपैकी कोणता उतारा अधिक विश्वासार्ह वाटतो? सकारण लिहा.

उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. उतारा ‘अ’ सरकारी, म्हणून त्यामागे हेतू असू शकतो. उतारा ‘ब’ एकाच व्यक्तीचा, म्हणून एकांगी असू शकतो. मग तक्त्याशी ताडून बघायचं. मामांनी पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. ‘एकांगी’ या शब्दापाशी पेन अडलं ते अडलंच.

दंगल शमून महिनाही झाला नव्हता तेव्हा नदी चढली होती. मामा तिशीचे होते. साहेबांनी सांगितलं होतं, मोठा रस्ता सोडायचा नाही. तरी पहिल्या सकाळी मामांनी खालच्या वस्तीच्या वळणावर टँकर हळू केला. नाक्यावर त्यांच्याच आळीतली आठ-दहा माणसं उभी होती, हातात काठ्या. त्यांतल्या एकानं बॉनेटवर थाप मारली. “सरळ जा रे. त्यांचं त्यांना बघू दे.” मामा सरळ गेले. उजव्या हाताला, गुडघाभर पाण्याच्या पलीकडे, गच्च्यांवर माणसं होती.

घंटेला अजून पन्नास मिनिटं होती. मामांनी ‘एकांगी’ खोडलं आणि लिहायला लागले. पुरवणी मागितली तेव्हा पर्यवेक्षकबाईंनी भुवया उंचावल्या.

“कसा गेला पेपर?” संध्याकाळी सुनेनं विचारलं.

“गेला,” मामा म्हणाले.

“उताऱ्याचा?”

“तोही गेला. चहा टाकतेस का?”

निकाल लागला. पासाला पस्तीस हवे होते, बत्तीस पडले. तीन गुणांनी उडाले! सुनेचा संताप अनावर झाला. आपण तयार केलेला विद्यार्थी तीन गुणांनी जातो म्हणजे काय! तिनं मंडळाकडे उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी अर्ज करायचं ठरवलं.

“राहू दे ना,” मामा म्हणाले. “राखणदाराला खुर्ची देतात म्हणे हल्ली. पंखाही असतो.”

“तुम्ही गप्प बसा, बाबा. कुठे गुण कापलेत ते मला बघायचंय.”

“अगं, मी सांगतो ना, राहू दे.”

“का?”

याचं उत्तर मामांनी दोन महिन्यांपूर्वीच लिहून दिलं होतं. त्यांनी मुकाट्यानं अर्जावर सही केली.

प्रत आली त्या दिवशी सून शाळेतून लवकर परतली होती. मामा अंगणात कपडे वाळत घालत होते. टेबलावर पाकीट फाडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. पानं उलटल्याचाही ऐकला. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. बादलीतला शेवटचा शर्ट पिळून दोरीवर टाकून झाला, तरी नाही. शेवटी ते ओल्या हातांनी आत आले.

तिच्यासमोर पुरवणी उघडी होती. समासात लाल शाईनं लिहिलं होतं : ‘उत्तर उताऱ्यांवर आधारित हवे. स्वतःचे अनुभव अपेक्षित नाहीत. शून्य.’ त्या शेऱ्याशेजारी मामांचं मोठं, गिचमिड अक्षर पानभर पसरलं होतं.

‘उतारा ब खरा आहे. मला हे ठाऊक आहे कारण आमच्या गावच्या पुरात तो चालक मी होतो. बाई लिहिते की चालक बघत असे. ते बरोबर आहे. पहिल्या दिवशी नाक्यावर आमचे लोक काठ्या घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशीही होते. मी भ्यालो. तिसऱ्या दिवशी नाक्यावर कोणीही नव्हते. पाऊस जोरात होता म्हणून सगळे घरी गेले होते. रस्ता मोकळा होता. पाणीही टँकर जाईल इतकेच होते. मी वळवू शकलो असतो. मी तरीही सरळ गेलो. का गेलो ते मला आजपर्यंत कळलेले नाही. असे चार दिवस झाले. तक्ता क मध्ये त्या वस्तीत गाड्या शून्य आणि मृत्यू जास्त दिसतात. म्हणून तक्ता सुद्धा त्या बाईच्याच बाजूने आहे.’

मामा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. ‘बसा’ कुणी म्हटलं नाही आणि स्वतःहून बसायचं धाडस होईना.

“पाच,” सून म्हणाली. मान वर केली नाही.

“काय?”

“चार नाही, पाच दिवस. मी आठ वर्षांची होते. गच्चीवर मला मोजायला बसवलं होतं. टँकर दिसला की खाली ओरडून सांगायचं.” ती थांबली. “आजोबा रोज म्हणायचे, आज वळेल. भांडी मांडून ठेवायला लावायचे जिन्यात. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही, विहिरीचं पाणी प्यायले. पुराचं पाणी शिरलेली विहीर. पुढचा आठवडा काढला नाही त्यांनी.”

तिचे आजोबा पुराच्या साली गेले, हे मामांना माहीत होतं. कशानं, हे ती लग्न होऊन घरात आल्यापासूनच्या सात वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं टाळलं होतं.

“तू मला… तुला हवं तर मी…” मामा म्हणाले.

“मला आत्ता काही विचारू नका, बाबा.”

त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, वाढला, पण ती त्यांच्याबरोबर जेवायला बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलानं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि, “काय झालंय?” असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “पेपरचं काहीतरी आहे. आमचं आम्ही बघू.” मामांनी मनातल्या मनात बॅग भरून ठेवली होती. बहिणीकडे जाऊन राहावं, असं त्यांनी ठरवलंही होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या खोलीच्या दारात आली. हातात पाकीट होतं.

“शिक्षिका म्हणून सांगते. तक्त्याचा आधार तुम्ही बरोबर दिलाय. त्याचे तीन गुण मिळायलाच हवे होते. फेरतपासणीला टाकलं तर तुम्ही पास व्हाल.”

“नको.”

“नको का?”

“त्या उत्तरावर मला खुर्ची नको, बाई. दुसरं काहीही सांग.”

तिनं पाकीट दुमडलं. “मग आईकडे चला,” ती म्हणाली. “मी तिला सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं.”

विहीणबाई अजून खालच्या वस्तीतल्या त्याच घरात राहत होत्या. मामा तिथे सणासमारंभाला जायचे, बाहेरच्या बाहेर पाच मिनिटं टेकायचे आणि कामाचं निमित्त काढून उठायचे. विहीणबाई शिवणकाम करायच्या. दोघं गेली तेव्हा त्या मशीनवर वाकलेल्या होत्या. शाळेच्या गणवेशांचा ढीग बाजूला पडला होता.

“अगबाई, आज दोघं? बसा ना, व्याहीबुवा.”

मामा बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले. “पुराच्या वेळचं सांगायचं होतं,” ते म्हणाले. “त्या वेळी पाण्याचा टँकर… मोठ्या रस्त्यानं जो जायचा…”

मशीनचं चाक थांबलं.

“तो तुम्ही चालवत होतात,” विहीणबाई म्हणाल्या.

सुनेनं दचकून आईकडे बघितलं. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? पाच दिवस तो चेहरा बघितलाय मी. लग्नाचं बोलायला हे दारात आले, तेव्हाच ओळखलं.”

“आणि तरी तू हो म्हणालीस?”

“मुलगा चांगला होता.” विहीणबाईंनी सुईखालचं कापड सोडवून मांडीवर घेतलं. “दोन रात्री झोपले नाही मी. नाहीच म्हणणार होते. पण मग वाटलं, मोठ्या रस्त्यानं जाणारे बाकीचे सगळे गाडीवाले समोर बघायचे. हा एकटा आमच्याकडे बघायचा. ज्यानं बघितलंय तो कधीतरी बोलेल.” धागा तोडून त्या म्हणाल्या, “सात वर्षं लावलीत, व्याहीबुवा.”

मामा पुढे झाले. हात जोडावेत की पाय धरावेत ते कळेना. त्यांनी हात पुढे केले तशा विहीणबाईंनी मान हलवली.

“ते नको. माझे सासरे त्यानं उठून यायचे नाहीत.” त्यांनी पायानंच स्टूल पुढे सरकवलं. “बसा. मला बाकीचं सांगा. आम्ही गच्चीवर होतो, आम्हाला गाडी नुसती येताना आणि जाताना दिसायची. तिच्या आत काय चाललं होतं, ते आजवर कुणी सांगितलं नाही.”

सून चौकटीशी टेकून उभी होती. ती पुढे आली आणि आईच्या पायाशी फरशीवर बसली.

मामा बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. आवाज दोनदा फसला, तिसऱ्यांदा लागला.

“पहिल्या दिवशी,” ते म्हणाले, “सकाळी साडेसहाला टाकी भरून झाली होती…”