कोरी ओळ

संग्रहालयाच्या तळघरातल्या सापांच्या बरण्या सांभाळणाऱ्या ताईला सापाची भीती ठाऊकच नव्हती. मेलेल्या सापाला काय भ्यायचं? स्पिरिट कमी झालं की भरायचं, झाकण घट्ट लावायचं.

बिळात राहणाऱ्या भुईसापांचं घराणं जगात फक्त याच देशात, अन् देशातही एकाच डोंगरावर. जाती तीन, बरण्या तीन. त्यांच्या चिठ्ठीवर ठिकाणाची ओळ कुणी भरतच नसे. दुसरीकडे सापडणार आहेत थोडेच!

सोमवारी सकाळी फळीवर चौथी बरणी होती. किल्ली तर ताईच्याच कमरेला! आत बोटभर जाडीचा करडा साप. चिठ्ठीवर पेन्सिलीचं अक्षर ताईचं, पण तिनं लिहिलेलं नव्हे. तारीख येत्या गुरुवारची. पकडणाऱ्याच्या जागी तिच्या धाकट्या भावाचं नाव, आणि नावाआधी ‘कै.’. ठिकाणाची ओळ नेहमीसारखी कोरी.

धाकटा आठ दिवसांपासून त्याच डोंगरावर जिवंत भुईसाप शोधत होता. ताईनं लगेच त्याला फोन लावला.

“असशील तसा घरी ये.”

“अगं, गुरुवारी शेवटचं बीळ खणायचंय. एवढं काय आभाळ कोसळलंय?”

“गुरुवार डोंगरावर काढलास, तर ताई मेली समज!”

“बरं बाई, येतो. तुझ्यापुढं कुणाचं चाललंय?”

बुधवारी संध्याकाळी तो आला, चिखलानं माखलेल्या पिशवीसकट. ताईनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपली. जिंकलेच मी, असं तिला वाटलं.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात पिशवी रिकामी करता करता धाकटा ओरडला, “ताई! अगं, सापडला! मातीबरोबर आलाय लबाड!”

तो हसत होता. हात अजून पिशवीत होता.

या सापाच्या विषावर औषध कुठंच नव्हतं. आजवर तो कुणाला चावलाच नव्हता, तर करणार कोण? दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

सोमवारी ताई तळघरात गेली. चौथी बरणी तिथंच होती, पण रिकामी, बिनचिठ्ठीची. मेलेला तो साप तिनंच आत सोडला, चिठ्ठी तिनंच लिहायला घेतली. नंबर. तारीख. नावाआधी ‘कै.’ लिहिताना ती हमसून हमसून रडली.

मग ठिकाणाची ओळ आली. दोनच शब्द लिहायचे होते, ‘माझं घर’. पेन्सिल कितीतरी वेळ कागदावर टेकून राहिली. तिचा धीर झाला नाही.

ओळ तशीच कोरी ठेवून तिनं झाकण घट्ट लावलं.