झाकण पडायला हवं

आजोबांचा सगळा जन्म बरण्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेला. झाकण नीट बसलं नाही की बरणी बाजूला, मग समोर मालकाचा जावई का उभा असेना. निवृत्त झाले म्हणून हाताची खोड थोडीच जाते?

सुनेला सोमवारपासून पुन्हा कामावर जायचं होतं. दीड वर्षाच्या नातवाला, म्हणजे ढब्बूला, कोण सांभाळणार? "पाळणाघर कशाला? मी आहे ना," आजोबांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. आज त्याची रंगीत तालीम. सून दार लोटून जिन्यात बसली होती आणि आतली रडारड तिला स्वच्छ ऐकू येत होती.

आजोबांनी आणलेल्या महागड्या खेळण्यांकडे ढब्बूनं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं खालच्या फळीवरचे रिकामे डबे ओढले आणि सगळ्यांत मोठ्या डब्यावर इवलंसं झाकण ठेवलं. ते आत पडलं. आजोबांनी ते काढून त्या डब्याचं झाकण शोधलं, दाबून बसवलं. "हे बघ, असं." ढब्बूनं भोकाड पसरलं. तो डबा उघडायचा, हे बंद करायचे. शेवटी पोरगं दारावर जाऊन थापा मारायला लागलं.

"बाबा, राहू दे," सून बाहेरून म्हणाली. "मी पाळणाघरात विचारते."

आजोबांचं तोंड एवढंसं झालं. ते मटकन खाली बसले आणि हातातलं झाकण वैतागून डब्यात टाकलं. टणकन आवाज झाला. ढब्बूचं रडं जागच्या जागी थांबलं. तो आला, डब्यात हात घालून झाकण काढलं आणि आजोबांच्या हातात दिलं.

त्याला ते बसवायचं नव्हतंच मुळी. पडायला हवं होतं. आजोबांना स्वतःच्या अकलेची कीव आली. मग चमचा पडला, वाटी पडली, कपड्यांचा चिमटा पडला. चिमट्याचा आवाज अगदीच फुसका निघाला, तेव्हा दोघंही हिरमुसले.

सोमवारी सून निघाली. "येते हं, ढब्बू." ढब्बू डब्यात डोकं घालून बसला होता. आजोबा जिन्यापर्यंत गेले, तर तिचे डोळे भरलेले.

"एकदाही वळून पाहिलं नाही हो त्यानं."

"पाहिलं की. दोनदा. तू चपला घालत होतीस तेव्हा."

"खरंच, बाबा?"

"मग मी काय खोटं सांगतोय?"

ती डोळे पुसून खाली उतरली. ढब्बूनं पाहिलं नव्हतं.