न दिलेली वडी

ताटलीत नारळाच्या वड्या आठ, भिंतीवर घड्याळ एक, टेबलाशी चार वर्षांची तनया एक आणि स्वयंपाकघराच्या दारामागे तिची आई चैताली, बालविकासात एम.एस्सी. विश्रांतवाडीच्या त्या फ्लॅटमध्ये इतकी शास्त्रीय सकाळ कधी उगवली नव्हती.

चैताली नोकरीला गेली की तनया आजोबांजवळ राहायची. बाबुराव तिच्याकडून वंदना आणि पंचशील म्हणून घ्यायचे.

"पाठांतराने संयम येत नाही, बाबा. संशोधन वेगळं सांगतं," असं म्हणून चैतालीने दिवसभराच्या पाळणाघराचा फॉर्म आणला होता.

"मग करून बघ की घरात तुझं संशोधन."

ठरलं. तनयाने पंधरा मिनिटं वडीला हात लावला नाही तर तिला दोन वड्या, आणि फॉर्म रद्द. लावला तर सोमवारपासून पाळणाघर. बाबुराव सोफ्यावर घड्याळाकडे तोंड करून बसले. निवृत्तीनंतर त्यांच्या दिवसात तनयाखेरीज फारसं काही उरलं नव्हतं.

तनयाने वड्यांकडे टक लावून पाहिलं, मग डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटायला लागली. मोहापासून लक्ष दुसरीकडे वळवायचं! चैतालीने याच युक्तीवर प्रबंधात चाळीस पानं खर्ची घातली होती.

तेवढ्यात तिला दिसलं की एक वडी इतरांपेक्षा मोठी आहे. नमुने सारखे हवेत. दारामागून हात शेजारच्या टेबलावर आला, वडीचा कोपरा मोडला आणि निव्वळ शास्त्रासाठी तोंडात गेला. आता ती वडी इतरांपेक्षा लहान झाली. सदोष नमुना प्रयोगात ठेवणं बरं नव्हे, म्हणून उरलेलीही गेली.

तनयाने एक डोळा उघडला.

"आई, तुला कुणी दिली?"

"मी... मोजत होते गं."

"तोंडात? आजोबा म्हणतात, न दिलेलं घ्यायचं नाही." डोळा पुन्हा मिटला.

"दुसरं शील," सोफ्यावरून आवाज आला. "चालू दे, तनू. वेळ आहे अजून."

वेळ संपला. तनयाला दोन वड्या मिळाल्या. बाबुरावांनी चष्मा लावून फॉर्म वाचला.

"यात वयाची अट दिसत नाही. तुझं नाव घालूया का?"

चैतालीने फॉर्म ओढून घेतला, त्यावर काट मारली आणि कोऱ्या पाठीवर निष्कर्ष लिहिला :

तनया – पंधरा मिनिटं. चैताली – सहा मिनिटं, चाळीस सेकंद.