मशीननं न काढलेलं नाव

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. स्थळांची माहिती कॉम्प्युटरात असते, लोकांना मोबाईलवर दिसते आणि रोज रात्री तो डेटाबेस आपला आपण साफ होतो. लग्न ठरलेल्यांची नावं निघतात, दोनदा भरलेली एकत्र होतात, फार जुनी गळतात. माझा त्यात हात नसतो, पण लोकांना हे पटेल तर शपथ! "संजीवनीबाईंनी मुद्दाम नाव उडवलं," असं किकवीपासून वेल्ह्यापर्यंत बोललं जायला लागलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. प्रोग्राम करून देणाऱ्याच्या हात धुऊन मागे लागले आणि मशीनलाच हिस्ट्री ठेवायला लावली. मशीननं कुठलं नाव, कधी, का काढलं, सगळं त्यात येतं. तेव्हापासून कुणी तोंड उघडलं की मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवते. खरं सांगते, त्यात मला भारी मजा येते.

परवा भोंगवलीचे कोंडिबा तणतणत आले. त्यांची मुलगी अश्विनी कापूरहोळला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळते.

"बाई, तुमच्या मशीननं पोरीचं नाव खाल्लं. मोबाईलवर कुठंच दिसंना."

"बघू या की!" मी ऐटीत हिस्ट्री उघडली. अश्विनीचं नाव त्यात नव्हतं. म्हणजे मशीननं ते काढलेलंच नव्हतं. कुणीतरी हातानं काढलं होतं. हातानं एक मी काढू शकते, नाहीतर जिचं नाव ती, कारण त्यासाठी लागणारा ओटीपी तिच्याच मोबाईलवर जातो. मी तर काढलेलं नव्हतं.

जिंकल्याच्या आनंदात मी बोलणार, तेवढ्यात कोंडिबा म्हणाले, "पोरीनं काडलं आसंल तर सांगा. उद्यापास्नं दुकान बंद तिचं. लई शेफारलीय."

नाव भरायला आली तेव्हा ही पोरगी दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल भरभरून बोलली होती आणि नवरा कसा हवा विचारल्यावर गप्प झाली होती.

"मशीननंच काढलं," मी म्हणाले.

"मंग दावा की. समद्यांना दावता."

आली का पंचाईत! स्क्रीन फिरवायला हात होईना. शेवटी जे आजवर कुणाच्या बापाला कबूल केलं नव्हतं, ते बोलून टाकलं. "माझ्याच हातून उडालं, कोंडिबा. चूक माझी."

आता हे भोंगवलीत घरोघर होणार आणि माझ्या नावानं पुन्हा शिमगा सुरू होणार, हे मला कळत होतं. पण कोंडिबा ओरडले नाहीत. "मंग घाला परत," एवढंच म्हणून जायला उठले.

"घालते. पण अश्विनीला घेऊन या. ती समोर बसून हो म्हणाली की लगेच घालते."

कोंडिबा पुन्हा खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ती न्हाई म्हनंल," ते म्हणाले. "मला ठावं हाय, बाई. तुमी कशाला आपल्या अंगावर घेता? मशीननं काडलं आसतं तर लई बरं झालं आसतं. मला तिला काय इचारावं लागलं नसतं."