दोन बोटं

"आबा, तुमी फक्त गप बसा," दुकानाच्या पायरीवर दीपमालानं मला बजावलं.

गप बसा! जन्मभर दुसरं काय केलं होतं मी? सांगलीच्या हळद बाजारात भरतेश शेठच्या दुकानी दिवाणजी म्हणून माझे केस पिकले, पण त्यांच्यापुढे 'नाही' हा शब्द कधी तोंडातून निघाला नाही.

माझ्या पोरीनं माधवनगरात, एका बंद गिरणीच्या शेडमध्ये कंपनी काढलेली. हळदीचा फोटो काढून माल कुठल्या प्रतीचा ते सांगणारं यंत्र. यंत्र झकास चालायचं, पण पुढची यंत्रं करायला भांडवल नव्हतं. शेठ चाळीस लाख घालायला तयार होते. बदल्यात कंपनीत किती हिस्सा, एवढंच अडलेलं. निम्मी कंपनी त्यांच्याकडे गेली की पुढं सगळं ते म्हणतील तसं, हे दीपमालानं मला आदल्या दिवशी नीट समजावलं होतं. "देऊन टाक गं, मीठ खाल्लंय त्यांचं," मी म्हणालो, तशी ती ताटावरून उठली होती.

गादीवर आणखी दोन व्यापारी बसलेले. त्यांच्या कानावर आकडा जायला नको, म्हणून शेठनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"जुन्या पद्धतीनं करू. एक बोट म्हंजे धा टक्के. दादासो, तूच घाल हात. तिला काय ठावं?"

टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची, आकडा तिसऱ्याला कळत नाही. हळदीचे सौदे असेच व्हायचे. मी सवयीनं पुढं सरकलो.

"न्हाई काका, मीच घालते," दीपमाला म्हणाली.

टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. शेठच्या कपाळाला आठ्या. दीपमालाच्या मानेवरून घामाची धार चाललेली, पण तोंडावर हसू. हो म्हण की गं एकदाचं, असं ओरडावंसं वाटत होतं. आणि नको, सोडू नकोस, असंही वाटत होतं. माझं मलाच कळेना.

शेठनी हात झटकून बाहेर काढला. संपलं सगळं, म्हटलं मी.

"लय चिवट हाय रं पोरगी तुझी!" शेठ हसत सुटले. "ठरलं गड्या. चहा सांगा रं कुणीतरी!"

चहा कसा प्यालो, आठवत नाही. बाहेर येताच विचारलं, "किती?"

"दोन बोटं. पाचावर अडून बसलंवतं काका."

मी तिथल्याच एका हातगाडीला टेकलो. कंपनी पोरीचीच राहिली होती. सुटलो रे देवा!

"मी असतो तर पाच बोटं धरल्या धरल्या मान डोलावली असती," मी म्हणालो.

"ठाऊक हाय, आबा. म्हनून तर तुमाला हात घालू दिला न्हाई."

मला राग यायला हवा होता. आलाच नाही. खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"तू चालव," म्हणालो आणि पोरीच्या मागं बसलो.